किती दिवसांपासून?



गेल्या महिन्यात या पानावर मुलांच्या हस्ताक्षराविषयी लिहिले होते. या वेळी शाळेबाहेरचा विषय घेते आहे. तो बरीच वर्षे मनात होता, पण मामूंच्या परवानगीशिवाय लिहायचा नव्हता. परवा त्यांना भेटायला गेले तेव्हा विचारले. ते म्हणाले, "लिही. माझे नाव घालू नकोस, आणि स्वतःचे लपवूही नकोस." दोन्ही गोष्टी पाळून लिहिते.

परीक्षेच्या आधी मी मुलांना दरवर्षी सांगते की प्रश्न दोनदा वाचा. विचारले आहे तेवढेच लिहिलेत आणि मुख्य मुद्दा राहिला, तर उत्तर खोटे नसते, पण गुण जातात. मुलांना हे शिकवणारी मी, एका रात्री हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत अशीच चूक करून बसले. आणि दुसऱ्या वेळी तर चक्क खोटे बोलले.

मामू सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात तीस वर्षे काम करत होते. वय छप्पन्न. साखरेचा आजार दहा वर्षांचा. त्या वर्षी रमजान उन्हाळ्यात आला होता. पंधराव्या रोज्याच्या सुमारास त्यांना खोकला सुरू झाला. घरातल्या कुणालाही त्यात नवीन वाटले नाही. लूमवर काम करणाऱ्याच्या छातीत कापसाची धूळ जायचीच. वजन उतरू लागले, तर सगळे म्हणाले रोजे आहेत, ईदनंतर भरून निघेल. रात्री बनियन घामाने भिजायचे, तर सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्र्याचे छत. संध्याकाळी अंग कोमट लागायचे, त्यालाही तेच उत्तर. प्रत्येक लक्षणाला आमच्याकडे एक तयार कारण होते. सगळी लक्षणे एकत्र धरून कुणी पाहिली नाहीत.

ईदनंतर दहाव्या दिवशी रात्री एक वाजता मामूंच्या मुलाचा फोन आला. "आपा, अब्बांना दम लागलाय, तुम्ही चला. डॉक्टरांशी तुम्ही बोलाल." आमच्या खानदानात शिकलेली म्हणून दवाखाना, बँक, कोर्ट सगळीकडे मला पुढे करतात. रिक्षातून आम्ही कॅज्युअल्टीत पोहोचलो. तिथे त्याच वेळी अपघातातले दोन तरुण आणले होते, एका खाटेवर विंचू चावलेली बाई कण्हत होती. तरुण डॉक्टर धावतच आमच्याकडे आले.

"काय त्रास होतोय?"

"दम लागलाय. संध्याकाळपासून."

"खोकला आहे?"

"दोन दिवसांपासून जास्त आहे."

माझे उत्तर खोटे नव्हते. दोन दिवसांपासून खोकला जास्तच होता. पण 'जास्त' या एका शब्दामागे पंचवीस दिवसांचा खोकला होता, तो मी सांगितला नाही आणि डॉक्टरांनीही पुढे विचारले नाही. त्यांनी ऑक्सिजन लावला, मशीनची वाफ दिली, एक इंजेक्शन दिले. फजरच्या अजानपर्यंत मामूंचा श्वास लागी आला. केसपेपरवर दम्यासारखे काहीतरी लिहून खाली 'ओपीडीत दाखवणे' असे लिहिले होते. ओपीडीत जायचे तर एक खाडा पडणार. मामूंना बरे वाटत होते. ते सोमवारी कारखान्यात गेले.

बारा दिवसांनी एकशे तीन ताप आला. या वेळी आम्ही दुसऱ्या, खासगी हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "घरात पूर्वी कुणाला टीबी झाला होता का?"

मामूंचे मोठे भाऊ वीस वर्षांपूर्वी टीबीनेच गेले. औषध अर्धवट सोडले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामीने माझे मनगट दाबले आणि हळूच म्हणाली, "नक्को बोल, बेटी." मामूंच्या मुलीचा रिश्ता ठरला होता, मंगनी आठ दिवसांवर होती, आणि मोहल्ल्यातली दोन माणसे आमच्या मागेच उभी होती. मी डॉक्टरांना म्हणाले, "नाही."

मामीला मी दोष देत नाही. तिने मनगट दाबले, पण 'नाही' मी म्हणाले.

डॉक्टरांनी न्यूमोनियाचा अंदाज करून लेव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांत ताप उतरला. आम्ही अल्लाहचे शुक्र मानले. मंगनी थाटात झाली. मामूंची शेरवानी इतकी सैल झाली होती की पाठीमागे पिना लावाव्या लागल्या. फोटोत त्या दिसत नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी फजरच्या वुजूला बसले असताना मामूंना खोकल्याची उबळ आली आणि बेसिनमध्ये रक्त पडले. आम्ही पुन्हा पहिल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. या वेळी ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, मामूंकडे पाहिले. म्हणाल्या, "चाचा, खोकला पहिल्यांदा कधी सुरू झाला? ईदच्या आधी की नंतर?"

मामू लगेच म्हणाले, "आधी. पंधरावा रोजा असेल."

मॅडमनी बोटांवर हिशेब केला. एक्कावन्न दिवस झाले होते. मग त्यांनी विचारले, "कपडे सैल झालेत का?" मामी रडायलाच लागली. पायजम्यांना तिने दोनदा शिलाई मारली होती. मग मी थोरल्या मामूंचेही सांगितले. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मामूंना मास्क दिला, गर्दीतून उठवून खिडकीजवळ बसवले, छातीचा एक्स-रे काढायला पाठवले आणि थुंकीसाठी डबी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीचा निकाल आला. क्षयरोग होता.

मॅडमनी मोठी विद्या वापरली असे नाही. त्यांनी प्रश्न बदलला. 'आज काय होतंय' याऐवजी 'कधीपासून' असे विचारले, आणि तेही मामूंच्या डोक्यातल्या कॅलेंडरप्रमाणे विचारले. किती आठवडे, असे विचारले असते तर मामू गोंधळले असते. ईद त्यांना पक्की आठवत होती.

त्या दिवसापासून मी या आजाराविषयी वाचत राहिले, छातीच्या डॉक्टरांना विचारत राहिले. पहिल्या दोन डॉक्टरांनी आजार ओळखला कसा नाही, हा प्रश्न मला सोडत नव्हता. हळूहळू समजले ते असे.

कॅज्युअल्टी ही जागाच एका प्रश्नासाठी आहे: हा माणूस आजची रात्र काढेल का? म्हणून तिथे आधी श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन पाहतात. हृदयविकार, पक्षाघात, अपघात, विषबाधा हे मिनिटांचे आजार तिथे पटकन ओळखले जातात. क्षयरोग आठवड्यांचा आणि महिन्यांचा आजार आहे. तो कॅज्युअल्टीत स्वतःच्या नावाने येत नाही. तो दम लागला म्हणून येतो, ताप चढला म्हणून येतो, छातीत पाणी झाल्याने बरगडीत दुखते म्हणून येतो, आतड्याचा असेल तर पोटदुखी म्हणून येतो. मेंदूच्या आवरणाचा असेल तर कित्येक दिवस डोके दुखून, उलट्या होऊन, शेवटी रुग्ण गुंगीत जातो तेव्हा येतो. डॉक्टर समोर दिसणारा त्रास शमवतात. तो शमतोही. मग रुग्ण घरी जातो, आजार सोबत घेऊन.

दुसरी गोष्ट अशी की कॅज्युअल्टीत प्रत्येक भेट ही पहिलीच भेट असते. ड्यूटी बदलते, डॉक्टर बदलतात, नवा केसपेपर निघतो. आमच्या हजेरीपटाचे उदाहरण देते. एखाद्या मुलापुढे एका दिवशी गैरहजेरी लागली तर ती मला काही सांगत नाही. महिन्याची पूर्ण ओळ पाहिली की दिसते, दर सोमवारी हा गैरहजर आहे, घरी काहीतरी चालले आहे. मामूंचे केसपेपर वेगवेगळ्या पिशव्यांत होते. ती ओळ कुणाच्याच डोळ्यांसमोर आली नाही. आमच्याही नाही.

तिसरी गोष्ट औषधांची. दम लागल्यावर देतात त्यातली काही इंजेक्शने स्टिरॉइडची असतात. त्यांनी काही काळ आराम पडतो आणि आजार झाकला जातो. लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकांचा क्षयरोगाच्या जंतूंवरही परिणाम होतो. एकट्या त्या गोळीने आजार जात नाही, पण थोडे दिवस ताप उतरतो. आपण समजतो न्यूमोनिया बरा झाला. तपासणी लांबते, आणि एकाच औषधाला जंतू निर्ढावण्याचा धोका राहतो. मंगनीच्या आठवड्यात मामूंना जे बरे वाटले, ते हेच असावे.

चौथी गोष्ट मधुमेहाची. साखरेच्या रुग्णाला क्षयरोग होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो. त्यांच्या एक्स-रेवर डाग नेहमीच्या जागी, म्हणजे फुफ्फुसाच्या वरच्या भागात, असतीलच असे नाही. म्हाताऱ्या माणसांत खोकला कमी आणि अशक्तपणा, भूक मरणे हेच जास्त दिसते. लहान मुलांना तर थुंकी काढता येत नाही. म्हणजे ज्यांना जास्त धोका, त्यांचाच आजार ओळखायला जास्त कठीण.

हा केवळ आमच्या शहराचा प्रश्न नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, तरी इथेही निदान वेळेवर होत नाही. २०१४ साली भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत साधारण ५५ दिवस जातात, आणि निदान होण्याआधी रुग्ण सरासरी दोन ते तीन ठिकाणी दाखवून आलेला असतो. आमचे एक्कावन्न दिवस आणि तीन फेऱ्या यात जवळजवळ तंतोतंत बसतात. अमेरिका, कॅनडासारख्या देशांत तर क्षयरोग कमी, म्हणून तो डॉक्टरांच्या मनात लवकर येत नाही. तिथल्या अभ्यासांतही निदानाआधी रुग्ण तातडीच्या विभागात येऊन परत गेल्याचे आढळले आहे.

आजाराचे नाव मात्र पूर्वीपासून सगळे सांगत आले आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून शब्दांकडे लक्ष जाते. उर्दूत याला तपेदिक म्हणतात. 'तप' म्हणजे ताप, आणि 'दिक' या अरबी शब्दात बारीक होण्याचा, झिजण्याचा अर्थ आहे. मराठीत क्षय म्हणजे झिजणे. माणूस तापतो आहे आणि झिजतो आहे, एवढे आपल्या आजोबा-पणजोबांनी नावातच लिहून ठेवले होते. अकराव्या शतकात इब्ने सीना यांनी आपल्या 'अल-कानून' ग्रंथात हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या आजारांत धरला होता. जंतू दिसायला मात्र १८८२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी शोध जाहीर केला, म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात.

आता त्या एक्कावन्न दिवसांत काय झाले, ते सांगते. कारण उशिराची किंमत फक्त रुग्ण देत नाही.

क्षयरोग हवेतून पसरतो. रुग्ण खोकला, शिंकला, जोरात बोलला की जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ताट, पेला, टॉवेल, मुसाफा यांनी तो पसरत नाही. तरी आपण रुग्णाचे ताट वेगळे करतो आणि खोलीची खिडकी मात्र बंद ठेवतो! मामूंच्या घरात दोन खोल्या. त्यांची तीन वर्षांची नात रोज त्यांच्या कुशीत झोपायची. त्यांच्याशिवाय तिला झोपच येत नसे.

मामूंचे निदान झाल्यावर रिश्त्याच्या घरी कळवणे भाग होते. ते इयादतीला आले, फळे घेऊन आले. दोन दिवसांनी त्यांच्याकडच्या एका खालांचा निरोप आला की मुलीची तपासणी करून घ्या. मामीला फार लागले. पण मामू खाटेवरून म्हणाले, "त्यात वाईट काय? सगळ्यांचीच करायची आहे." आरोग्य केंद्रातल्या आशाताईही तेच सांगत होत्या. घरातल्या सातही जणांची तपासणी झाली. मुलगी अगदी ठीक निघाली. नातीचे वजन मात्र चार महिन्यांत वाढले नव्हते, मानेला गाठी होत्या, एक्स-रेवर डाग होता. आम्ही समजत होतो की दात येताहेत, म्हणून खात नाही.

ती आता पहिलीत आहे. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या वजनाप्रमाणे सहा महिने दिल्या, आणि अल्लाहच्या मेहेरबानीने बरी झाली. पण मी 'नाही' म्हणाले त्या रात्रीनंतर ती आणखी दोन आठवडे मामूंच्या कुशीत झोपली, हे मी विसरू शकत नाही. तिला जंतू आधीच लागले होते की त्या दोन आठवड्यांत लागले, हे कुणी सांगू शकत नाही. मामूंच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग आक्रसला आहे. जिना चढताना ते मध्येच थांबतात. लूमचे काम सुटले, आता एका दुकानात हिशेब बघतात.

लग्न ठरल्या घरीच झाले, दोन महिने पुढे ढकलून. ज्या गोष्टीसाठी आम्ही खोटे बोललो, ती खरे बोलूनही मोडली नसती. आणि मोडली असती तरी नातीच्या फुफ्फुसापेक्षा ती मोठी नव्हती.

माझ्या वाचकांपैकी प्रत्येकाला कधी ना कधी कुणाला तरी घेऊन रात्री-बेरात्री कॅज्युअल्टीत जावे लागणार आहे. त्यासाठी काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, डॉक्टरांनी विचारले नाही तरी दिवस सांगा. "आज दम लागलाय, पण खोकला सहा आठवड्यांपासून आहे," असे एकाच वाक्यात सांगा. तारीख आठवत नसेल तर ईद, मोहर्रम, मुलांची परीक्षा, कुणाचे लग्न, पहिला पाऊस यांवरून आठवा. दोन आठवडे किंवा जास्त खोकला, दोन आठवडे ताप, वजन उतरणे, रात्री घाम येणे, थुंकीतून रक्त, यांतले काहीही असेल तर ते आधी सांगा.

दुसरी गोष्ट, घरात किंवा शेजारी पूर्वी कुणाला टीबी झाला असेल, रुग्णाला साखर असेल, एचआयव्ही असेल, स्टिरॉइडची औषधे चालू असतील, तर ते लपवू नका. चारचौघांत बोलायचे नसेल तर "डॉक्टरसाहेब, जरा बाजूला बोलायचे आहे" म्हणा. डॉक्टर ऐकतात.

तिसरी गोष्ट, सगळे जुने केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून एकाच पिशवीत ठेवा आणि ती पिशवी घेऊनच निघा. एकाच त्रासासाठी दुसऱ्यांदा आला असाल तर आल्याआल्या सांगा, "आम्ही याच त्रासासाठी दुसऱ्यांदा आलो आहोत."

चौथी गोष्ट, अदबीने पण स्पष्ट विचारा: "टीबीची तपासणी करायची गरज आहे का?" यात डॉक्टरांचा अपमान नाही. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी या दोन साध्या गोष्टी आहेत. दुर्बिणीखाली थुंकी तपासली आणि जंतू दिसले नाहीत, तर क्षयरोग नाहीच असे होत नाही. जंतू कमी असतील तर ते दुर्बिणीत सापडत नाहीत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही यंत्रे थोडे जंतू असले तरी पकडतात आणि मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगतात. सीबीनॅटच्या यंत्राला सुमारे दोन तास लागतात. ट्रूनॅट हे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवले आहे. सरकारी केंद्रांत या तपासण्या मोफत होतात. थुंकी देताना लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा.

पाचवी गोष्ट, घरी सोडताना 'ओपीडीत दाखवणे' एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, एक्स-रेचा अहवाल कुणाकडून घ्यायचा, हे लिहून घ्या. आराम पडला तरी जा. खाडा पडेल, पण मामूंचे एक खाडा वाचवण्यात पुढे सहा महिन्यांचे काम गेले.

आणि खोकणाऱ्या माणसाला मास्क लावा किंवा निदान तोंडावर रुमाल धरायला सांगा. इयादतीची गर्दी कॅज्युअल्टीत नको, लहान मुले तर नकोतच.

हॉस्पिटल चालवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही विनंती आहे. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवरच "खोकला किती दिवसांपासून आहे?" हा एक प्रश्न विचारला जावा. दोन आठवड्यांच्या वर उत्तर आले तर त्या माणसाला मास्क द्यावा, वेगळ्या हवेशीर जागी बसवावे आणि थुंकीची डबी घेतल्याशिवाय घरी पाठवू नये. त्याने फक्त रुग्णाचे नाही, तिथे रात्रंदिवस राबणाऱ्या डॉक्टर, नर्स आणि वॉर्डबॉयचेही रक्षण होईल. क्षयरोगाच्या रुग्णाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. त्यामुळे रुग्णाला मदतच मिळते.

निदान झाले तर घाबरू नका. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा आणि मोफत आहे. पोषणासाठी सरकार दरमहा पैसे खात्यात जमा करते. मामूंना ५०० रुपये मिळायचे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यालाही नोंद झाल्यावर ते मिळतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. औषध सुरू झाल्यावर लघवीचा रंग नारिंगी-लालसर होतो. मामू ते रक्त समजून घाबरले होते आणि औषध सोडणार होते. तो औषधाचा रंग आहे. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नसतील तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. दोन महिन्यांत बरे वाटू लागते, तिथेच लोक फसतात. थोरले मामू तसेच गेले. रोज्यांच्या दिवसांत औषधाचे काय करायचे हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आजारी माणसाला शरीयतनेच सवलत दिली आहे.

रुग्णाला घराबाहेर काढायची गरज नाही. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या केंद्राने काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषध देऊन पाहिले. घरी उपचार घेणारे जवळजवळ तसेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. धोका असतो तो औषध सुरू होण्याआधीच्या दिवसांत, म्हणजे आपण 'धूळ असेल, उन्हाळा असेल' म्हणत काढतो त्या दिवसांत.

या महिन्यात एवढे करा. घरात, शेजारी, मशिदीच्या सफमध्ये कुणी खोकत असेल तर 'काढा घ्या' म्हणण्याआधी विचारा, "किती दिवसांपासून?" दोन आठवडे म्हणाले तर त्यांच्यासोबत आरोग्य केंद्रात जा. मामूंच्या तब्येतीसाठी आणि त्या डॉक्टर मॅडमसाठी दुआ करा. त्यांचे नाव विचारायचे त्या गडबडीत राहून गेले.

खुदा हाफिज.